आजोबा काही केल्या खोकेनात

"सुईणीच्या दिवशी सेव्दा आजीला नदीवर मी नेणार. आजोबांच्या पुढच्या सीटवर बसवून नेणार. लिहून घ्या."

असं मिन्चोने गावच्या खानावळीत, सगळ्यांच्या देखत, वाइनचा पेला टेबलावर आपटून जाहीर केलं. लिहून कोणी घेतलं नाही, पण त्याची गरजही नव्हती. लिपोव्ह दोलमध्ये घरं चाळीस, त्यातल्या एकवीस घरांना कुलूप. उरलेल्या एकोणीस घरांत ही बातमी मिन्चोच्या आधी पोचली. तो अंगणात शिरला तेव्हा त्याची बायको दोन्का कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"कोणत्या आजोबांच्या सीटवर?"

"आपल्या."

"नोव्हेंबरपासून ज्यांनी साधा खोकला काढलेला नाही, त्यांच्या?"

"काढला नाही म्हणजे मी काढायला लावला नाही. मनावर घेतलं की अर्ध्या तासाचं काम."

दोन्काने दार लावून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात मिन्चोच्या अर्ध्या तासांची तिला चांगली ओळख झाली होती. छपराची गळती काढायचा अर्धा तास अजून चालू होता.

आजोबा म्हणजे ट्रक. हिरवा, लांब नाकाचा, दोन गोल दिव्यांचा, पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरचा. मिन्चोच्या वडिलांनी तो गावच्या शेतीसंस्थेसाठी तीस वर्षं चालवला, आणि संस्था मोडली तेव्हा लोक खुर्च्या-कपाटं उचलून नेत असताना हा माणूस ट्रक घेऊन घरी आला. वडील गेले, ट्रक राहिला. त्याच्या शेडमध्ये शिरताना मिन्चो टोपी काढायचा. चर्चमध्ये पुष्कळदा विसरायचा, शेडमध्ये कधी नाही. कारण तो स्वतः त्या ट्रकच्या केबिनमध्ये जन्मला होता. फेब्रुवारी महिना, घाटात कमरेएवढा बर्फ, आई कळा देत होती, वडील स्टिअरिंग धरून देवाचं नाव घेत होते, आणि सगळं निभावून नेलं ते सेव्दा आजीने. तेव्हा ती आजी नव्हती, अठ्ठावीस वर्षांची सुईण होती. "इंजिन बंद करशील तर बघ," असं तिने वडिलांना दरडावलं होतं म्हणे. त्या इंजिनाच्या उबेवर मिन्चो जगला.

आता ती पंच्याऐंशीची होती. गावात चाळिशी ते साठीतलं जे कोणी आहे त्याला तिनेच या जगात ओढून आणलेलं. दर एकवीस जानेवारीला, सुईणीच्या दिवशी, बायका तिला सजवून नदीवर नेत, नदीचं पाणी तिच्या हातांवर घालत, प्रत्येकीने विणलेला टॉवेल तिला देत, आणि मग दिवसभर वाइन पिऊन गात. त्या दिवशी पुरुषांनी बाहेर दिसायचं नाही. दिसला की त्याची टोपी गेली, आणि टोपी सोडवायला वाइनची घागर.

यंदा आजीचे गुडघे गेले होते. नदीचा उतार काचेसारखा गोठला होता, त्यावर छोट्या गाड्या नाचायच्या. आणि बावीस तारखेला आजीची मुलगी येऊन तिला कायमची वार्नाला, समुद्राकाठी, घेऊन जाणार होती. म्हणजे ही शेवटची नदी. त्या उतारावर चाकांना साखळ्या बांधून जाईल असं वाहन गावात एकच होतं.

"तू पुरुष आहेस," दोन्काने आठवण करून दिली. "त्या दिवशी बाहेर कसा पडणार?"

"मी बाहेर कुठे असणार? मी केबिनमध्ये असणार. गाडीत बसलेला माणूस घरात असल्यासारखाच."

एवढा विचार त्याने केला होता. खरं सांगायचं तर पंधरा वर्षं करत होता. ज्या बाईने आपल्याला त्या सीटवर जन्माला घातलं तिला एकदा त्याच सीटवर बसवून न्यावं, याहून वेगळे आभार त्याला सुचत नव्हते. तोंडाने बोलायला गेला असता तर घसा भरून आला असता आणि गावाने वर्षभर नक्कल केली असती.

अठरा तारखेला, उणे सोळा तापमानात, काम सुरू झालं. मदतीला मिन्चोचा थोरला भाऊ वेलिको होता. वेलिको सत्तावीस वर्षं जर्मनीत, लिफ्टच्या कारखान्यात काढून महिन्यापूर्वीच कायमचा परतला होता. यंत्राचं त्याला सगळं कळतं, याबद्दल मिन्चोच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जर्मनीत सत्तावीस वर्षं राहिलेला माणूस इंजिनाकडे नुसता बघतो तेव्हा इंजिनसुद्धा जरा सरळ बसतं, असं त्याला वाटायचं. फक्त गावच्या थंडीने वेलिकोचा आवाज पार बसला होता. दोन्काने त्याच्या गळ्याला राकियाच्या कडक दारूत भिजवलेलं फडकं आणि वर लोकरीचा मफलर गुंडाळून सक्त ताकीद दिली होती: चार दिवस एक अक्षर बोलायचं नाही.

"बोलायचं कशाला?" मिन्चो म्हणाला. "दादा, मी विचारीन, तू मान हलव. बास."

मिन्चो केबिनमध्ये चढला. वेलिको डाव्या मडगार्डपाशी, उघड्या बॉनेटच्या आड उभा राहिला. केबिनमधून त्याची फक्त लोकरी टोपी आणि मफलरच्या वरचे डोळे दिसत होते. एक प्लग काढून, वायरीला लावून, त्याने इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला. मिन्चोने सेल्फ मारला. आजोबा हं... हं... हं... करत म्हाताऱ्या बैलासारखे हलले आणि थांबले.

"दादा, ठिणगी येतेय का?"

वेलिकोने मान खाली-वर हलवली.

म्हणजे नाही. मान आडवी हलली की हो, खाली-वर हलली की नाही. आमच्याकडे हे पाळण्यातलं पोरही जाणतं.

"वाटलंच मला," मिन्चो म्हणाला. "ठिणगीचंच दुखणं आहे."

त्याने पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा विचारलं. वेलिकोने पुन्हा, जरा जोरात, मान खाली-वर केली. मिन्चो उतरला आणि त्याने सहाही प्लग खोलायला घेतले. वेलिको त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात आभाळाकडे उचलले आणि सोडून दिले. पाच वर्षांचा असल्यापासून हा धाकटा आपलं ऐकत नाही. आता सत्तावन्नाचा झाला, अजून ऐकत नाही.

प्लग भट्टीत भाजायचे, ही वडिलांची रीत. तापलेला प्लग कडक थंडीतही पेटतो. दोन्काच्या स्वयंपाकघरात एकच भट्टी होती आणि तीत बनित्सा, चीज भरलेली पदरदार पोळी, फुगत होती. मिन्चोने बनित्साच्या खालच्या कप्प्यात पत्र्यावर सहा प्लग ओळीने मांडले, सैनिकांसारखे.

"काय आहे ते?" दोन्काने वाकून विचारलं.

"काही नाही. दहा मिनिटं."

दहा मिनिटांनी बनित्साला असा वास सुटला की मांजर उठून बाहेरच्या बर्फात जाऊन बसलं. पण टाकून देणाऱ्यांतली दोन्का नव्हे. तिने एक तुकडा वेलिकोच्या पानात वाढला, आणि त्याने तो कसाबसा गिळल्यावर विचारलं, "आणखी वाढू, भाऊजी?"

वेलिकोने घाबरून मान आडवी हलवली. जोरजोरात. दोन-तीनदा.

"बिचारा," दोन्काचा स्वर हळवा झाला. "जर्मनीत कोणी जेवू घातलंच नाही याला." आणि तिने दोन तुकडे वाढले.

एकोणीस तारखेला उणे अठरा. मिन्चोने बॅटरी घरात आणून भट्टीजवळ ठेवली आणि वर गोधडी घातली.

"लग्न झालं तेव्हा मला नव्हतंस घातलं एवढं पांघरूण," दोन्का म्हणाली.

"तू रोज सकाळी सुरू होतेस."

डिस्ट्रिब्युटरचं टोपण वाळायला भट्टीवरच्या फळीवर गेलं. वायरी दोरीवर, मोज्यांच्या शेजारी लटकल्या. घरातली यच्चयावत पातेली चुलीवर चढली. रेडिएटरमध्ये उकळतं पाणी ओतायचं, आणि इंजिन हललं नाही तर गोठायच्या आत पुन्हा काढून घ्यायचं, असं सकाळपासून सात वेळा झालं. आठव्या खेपेला दोन्काने कुठलं तरी भलतंच पातेलं दिलं आणि आजोबांच्या पोटात घेवड्याचं सूप गेलं. ते काढायला दीड तास लागला. मिरच्यांचं एक देठ शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग मिन्चोने विचार केला, आता पेट्रोलचंही एकदा बघून टाकू, म्हणजे मनात शंका नको. वेलिकोने कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिच्याखाली मुरंब्याची रिकामी बरणी धरली. मिन्चोने केबिनमधून सेल्फ मारला.

"पेट्रोल येतंय का, दादा?"

बॉनेटच्या आडून वेलिकोने मान आडवी हलवली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. एक थेंब नाही.

"येतंय ना? मग झालं. पेट्रोल ठणठणीत आहे," मिन्चो समाधानाने म्हणाला.

वेलिकोने बरणी खाली ठेवली. त्याने टाकीकडे बोट दाखवलं.

"भरलेली आहे रे. परवाच भरली."

त्याने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि गारठलेल्या बोटांनी शेडच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पेट्रोल. पुढे आणखी काही लिहिणार तोच पेन्सिलीचं टोक तुटलं.

"आहे, आहे. काळजी करू नकोस," मिन्चो म्हणाला आणि भावाच्या पाठीवर थोपटून वायरी आणायला घरात गेला.

वेलिको कितीतरी वेळ त्या फळीकडे बघत उभा होता. घरात कागद होते, पेनं होती. पण ज्याला ऐकायचंच नाही त्याला लिहून देऊन तरी काय उपयोग, असं त्याला वाटलं. रात्री दोन्काने विचारलं, "सूप आणखी?" त्याने मान आडवी हलवली आणि डोळे मिटून घेतले. तिसरं वाडगं आलं.

वीस तारखेला मिन्चोने आजोबांच्या पोटाखाली निखाऱ्यांची परात सरकवली, म्हणजे आतलं घट्ट झालेलं तेल पातळ होईल. तेल पातळ झालं. शेडच्या दाराला आग लागता लागता वाचली. मिन्चोने हँडल मारलं. हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं. दर अर्ध्या तासाने तो ओरडून विचारी, "दादा, ठिणगी?" आणि दर अर्ध्या तासाने वेलिको मान खाली-वर करी, अंधार पडेपर्यंत तर तो ती सुतारपक्ष्यासारखी आपटत होता. मिन्चोला त्यातलं दुःख स्पष्ट दिसत होतं. नाही, नाही, नाही.

"पेट्रोलचा वास कसा येत नाही म्हणते मी?" दोन्काने दारातून विचारलं.

"एवढ्या थंडीत वाससुद्धा गोठतो," मिन्चोने सांगितलं.

एकवीसची सकाळ उजाडली. उणे वीस. आकाश निळंशार, धुराडी सरळ रेषेत धूर सोडतायत, आणि दहा वाजता वरच्या गल्लीतून गाणं ऐकू आलं. मिन्चो बॉनेटवर कपाळ टेकून उभा होता. त्याच्या सगळ्या अंगाला बनित्साचा, राकियाचा आणि ग्रीसचा वास येत होता.

बायका अंगणात शिरल्या, सोळा जणी; दोन्का धरून सतरा. मध्ये घसरगाडीवर एक खुर्ची बांधलेली, तीत सेव्दा आजी. अंगावर ठेवणीतला लाल एप्रन, डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात वाळक्या लाल मिरच्यांची माळ. एवढीशी बाई, पण खुर्चीत बसली होती ती अशी की मिन्चोचा हात आपोआप टोपीकडे गेला. टोपी एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. वेलिकोचीही गेली.

"एक घागर वाइन. प्रत्येकाची," बायका म्हणाल्या.

"घ्या," मिन्चो म्हणाला. "सगळं पिंप घ्या. आजी, माफ कर. तीन दिवस झाले, ठिणगीच येत नाही. तुला नदीवर न्यायचं फक्त एवढंच मला..."

आणि त्याने पुन्हा बॉनेटवर कपाळ टेकलं.

गाणं थांबलं. घसरगाडीवरून तो उतार उतरणं शक्य नाही हे सगळ्यांना दिसत होतं. आजी मात्र आजोबांकडे बघत होती.

"घाई कशाला करता," ती म्हणाली. "कधी कधी वेळ लागतो. सकाळपासून काही खाल्लंय का या पोरांनी?"

दोन्का लगबगीने ताजी बनित्सा घेऊन आली. पहिल्यांदा वेलिकोकडे गेली. "वाढू ना, भाऊजी?"

वेलिकोने मान आडवी हलवली, आणि दोन्ही पंजे ताटलीवर दाबून धरले. दोन्काने त्याची बोटं हळूच उचलायला सुरुवात केली.

"थांब गं," आजी म्हणाली. "त्याचे हात बघ. हात नको म्हणतायत आणि डोकं हो म्हणतंय. असं अंग मी कधी पाहिलं नाही. इकडे ये रे. तू वेलिकोच ना?"

वेलिकोने मान खाली-वर केली.

"नाही म्हणतोय," बायका हसायला लागल्या.

"मग कोण आहेस? तू बाई आहेस का?"

वेलिकोने इतक्या जोरात मान आडवी हलवली की मफलर सुटला. अंगणात हसण्याचा असा कल्लोळ झाला की शेजारच्या कोंबड्या ओरडू लागल्या. आजी हसली नाही. तिने त्याची हनुवटी आपल्या पंजात धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"हा माझ्या हातातला पहिला," ती म्हणाली. "म्हणून नीट आठवतं. मी काढला तेव्हा याचं डोकं सरळ होतं. कुणी उलटं बसवलं?"

महिनाभर तो तोंडाने बोलत होता तोवर मानेकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. खुद्द त्याचंही नाही. सत्तावीस वर्षं जर्मनांत राहून मान जर्मन झाली होती. खाली-वर म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. वेलिकोच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं, भिंतीवर ओल उमटते तसं.

मिन्चोला त्याहून जास्त वेळ लागला.

"दादा. ठिणगी... येते?"

खाली-वर.

"पहिल्या दिवसापासून?"

खाली-वर.

"आणि पेट्रोल?"

आडवी. अगदी हळू.

मिन्चो मडगार्डवर बसला. तीन दिवस त्याने जे धडधाकट होतं त्याची शुश्रूषा केली होती, आणि जे आजारी होतं त्याच्या पाठीवर थोपटलं होतं.

"म्हणजे ते सूप," दोन्का पुटपुटली. "अकरा वाडगी."

वेलिकोने डोळे मिटले.

"दादा," मिन्चो म्हणाला, "तू सगळं सांगत होतास."

वेलिकोने दोन्काची ताकीद मोडली. चार दिवसांतला त्याचा पहिला शब्द गंजलेल्या बिजागरीसारखा बाहेर आला. "लहानपणापासून."

मग मिन्चो ट्रकखाली शिरला. टाकीपासून इंजिनापर्यंत चार हात लांबीची पितळी नळी, आणि तिच्या मध्ये फिल्टरची काचेची वाटी. वाटीवरचा चिखल त्याने अंगठ्याने पुसला. आत बर्फाची पांढरी गोळी बसलेली, मोतीबिंदूसारखी. उन्हाळाभर टाकीत जमलेलं दवाचं पाणी खाली उतरून नळीत गोठलं होतं. एवढासा बर्फ. त्याच्या मागे पेट्रोलची अख्खी टाकी तीन दिवस दाराशी उभी होती.

"नळी गरम फडक्यांनी शेकायला हवी," तो खालून म्हणाला. "पेट्रोलजवळ विस्तव नको. दोन्का, फडकी."

"तुझ्या प्लगांनी आणि सुपाने ठेवलंय का एक तरी फडकं?"

तेव्हा सेव्दा आजीने मांडीवरचं गाठोडं सोडलं. सतरा टॉवेल, नदीवर द्यायला घरोघरून आधीच गोळा केलेले, हाताने विणलेले, कडेला लाल नक्षी, प्रत्येकाच्या कोपऱ्यात देणारीचं नाव.

"आजी, हे तुझ्या मानाचे आहेत," कोणीतरी म्हणालं.

"समुद्रावर सतरा टॉवेल घेऊन मी काय करू? समुद्र पुसू?" ती म्हणाली. "पाणी उकळा. आणि मला त्या गाडीपाशी न्या."

पुढचा पाऊण तास मिन्चो जन्मभर विसरणार नाही. तो बर्फात उताणा पडला होता आणि वरून एकेक टॉवेल येत होता, वाफाळता, साबणाचा वास असलेला, आणि तो नळीला गुंडाळत होता. आधी राद्काचा, मग झ्लातिनाचा, मग दोन्काचा. वर आजीचा आवाज चालू होता, बारीक आणि शांत. "पाणी. पुढचा टॉवेल. घाई नको. निवलेला काढा. आता पुढचा. जोर लावू नका, तो येतोय, येऊ द्या त्याला." कोणी हसत नव्हतं. सतरा बायका रांगेत उभ्या राहून पातेली हातोहात पुढे देत होत्या, आणि त्या आवाजात असं काहीतरी होतं की मिन्चोला वाटलं, हा आवाज आपण आधी ऐकला आहे. डोळे उघडायच्याही आधी.

काचेत बर्फ हलला. एक बुडबुडा वर गेला. मग मिन्चोने वाटी सोडवून पाणी ओतून टाकलं, पुन्हा बसवली, आणि बघता बघता ती पेट्रोलने भरली, फिक्या पिवळ्या, स्वच्छ.

तो केबिनमध्ये चढला. बॅटरी गोधडीसकट आणून जोडली होती. चोक पूर्ण ओढला. अंगणात एवढी शांतता की चुलीवरचं पाणी ऐकू येत होतं.

हं... हं... हं...

आणि आजोबा खोकले. एकदाच, खोल, छातीतून. सगळ्यांनी श्वास रोखला. पुन्हा खोकले, धुराचा एक काळा गोळा शेडच्या छपराला जाऊन आपटला, छपरावरचा बर्फ धपकन खाली आला, आणि मग सहाच्या सहा सिलिंडर एकापाठोपाठ जागे झाले. सगळ्या अंगणाची जमीन थरथरू लागली. बायकांनी छातीवर क्रूस काढले. घरात गेलेल्या वेलिकोने खिडकीत उभं राहून मफलरमध्ये तोंड लपवलं.

सेव्दा आजीने हात लांब करून बॉनेटवर पंजा टेकवला आणि मान कलती करून ऐकलं.

"रडला," ती म्हणाली.

एवढं झाल्यावर नियम आड आला. आजीला पुढच्या सीटवर चढवलं, बायका मागे चढल्या, आणि मग राद्काच्या लक्षात आलं की स्टिअरिंगवर पुरुष बसलाय.

"खाली उतर."

"मी केबिनमध्ये आहे. म्हणजे घरात आहे."

"सुईणीच्या दिवशी पुरुष गाडी नेणार? नदीवर? आजवर कधी झालं नाही."

"मग कोण नेईल? तू?"

कोणालाच चालवता येत नव्हतं. इंजिन धडधडत होतं. बंद करायची कोणाची छाती नव्हती. मिन्चो खाली मान घालून बसला होता. शेवटी आजीने डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला. तिचे विरळ पांढरे केस पहिल्यांदाच गावाने पाहिले.

"याला मी या सीटवर काढला, तेव्हा दुसरं काही नव्हतं जवळ," ती म्हणाली. "माझ्या डोक्याच्या रुमालातच गुंडाळला होता. इकडे वाक."

मिन्चो वाकला. तिने त्याच्या डोक्यावर रुमाल घातला, मिशा झाकतील असा नाकापर्यंत ओढून मागे घट्ट गाठ मारली. दोन्काने आपला एप्रन काढून त्याच्या पोटाला बांधला.

"झाली बाई," आजी म्हणाली. "चला आता."

आणि आजोबा निघाले. साखळ्या बर्फ चावत, सतरा बायका गात, मिरच्यांची माळ काचेत लाल चमकत. उतारावर मिन्चोने एकदाही ब्रेकला जोरात पाय लावला नाही. अंड्यांची टोपली नेतात तशी त्याने ती बाई नदीपर्यंत नेली. तिथे बायकांनी गोठलेल्या काठाची कड फोडली, आजीच्या हातांवर पाणी घातलं, ओल्या टॉवेलांनीच ते पुसले. मिन्चो केबिनमधून बघत होता. चारशे मुलांना पहिल्यांदा धरलेले ते हात उन्हात वाफाळत होते. त्याला जे बोलायचं होतं ते रुमालाच्या आत बोलून झालं. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. आजीला गेलं असावं. परत चढल्यावर तिने त्याच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं.

दुसऱ्या दिवशी ती वार्नाला गेली. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याचा पेपर आला. नदीवर त्या पेपरची एक मुलगी कॅमेरा घेऊन थांबली होती, हे मिन्चोला आठवत होतं. पहिल्याच पानावर फोटो: आजोबांची काच, आत हसणारी सेव्दा आजी, आणि शेजारी नाकापर्यंत रुमाल ओढलेली, भरल्या अंगाची, डोळ्यांत पाणी आलेली एक बाई. खाली छापलं होतं, 'ज्येष्ठ सुईणीला अखेरची मानवंदना. स्टिअरिंगवर लिपोव्ह दोलच्या धडाडीच्या महिला ट्रकचालक.'

नाव नव्हतं. मिन्चोने फोटो कापून शेडमध्ये, वडिलांच्या फोटोशेजारी लावला. खालची ओळ तेवढी कात्रीने काढून टाकली.

त्याच संध्याकाळी नगरपालिकेतून फोन आला. दोन्काने उचलला. आठ मार्चला जिल्ह्यातल्या कर्तबगार महिलांचा सत्कार आहे, फोटोतल्या त्या ताई कोण आहेत, त्यांना स्टेजवर पाठवता येईल का.

दोन्काने रिसीव्हरवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. मिन्चो दोन्ही हात आणि मान, सगळंच हलवत होता.

"पाठवते की," ती फोनमध्ये म्हणाली. "तेवढी दाढी करून पाठवते."